वैचारिक साप्ताहिकं-मासिकं आता कशी वाचायची? कुठली ठेवायची, कुठली सोडायची?

दौतटाक

मराठीत राजकीय-सामाजिक मतं मांडणारी नियतकालिकं दीर्घकाळ वाचणाऱ्यांचं त्यांच्याशी असलेलं नातं बदललं आहे. आधी वाचक अंकातून आपलं मत घडवतो. मग बरीच वर्षं त्याच मताला दुजोरा मिळावा म्हणून वाचतो. पुढे संपादकाशी मनातल्या मनात भांडायला लागतो. आणि आता अनेकजण चौथ्या टप्प्यावर आहेत: अंक येतो, टीपॉयवर पडतो, वेष्टनही फुटत नाही.

कारण उघड आहे. शनिवारची तारीख असलेल्या अंकाचा मजकूर साधारण सोमवार-मंगळवारी लागतो, मग छपाई, मग टपाल. अंक हातात पडतो तेव्हा त्यातल्या मुख्य लेखाचं निमित्त आठ-दहा दिवसांचं झालेलं असतं आणि त्यावर शंभर मतं मोबाइलवर येऊन गेलेली असतात. मत ही गोष्ट आता दुर्मीळ नाही. मग वर्गणी कशासाठी भरायची?

माझं उत्तर असं की मतासाठी भरू नये, युक्तिवादासाठी भरावी. तीन हजार शब्दांच्या लेखात लेखकाला आकडा कुठून आला ते सांगावं लागतं, विरोधी बाजूचं म्हणणं निदान एकदा मांडावं लागतं, आणि निष्कर्षापर्यंतच्या पायऱ्या दाखवाव्या लागतात. मोबाइलवरच्या मजकुरात नेमकं हेच गळतं. पण असं वाचायचं तर वाचायची पद्धतही बदलायला हवी. ज्यांचा या नियतकालिकांशी जवळचा संबंध आहे त्यांनी लिहावं: अंक कसा वाचता, काय तपासता, कुठली जपून ठेवता?

पारकट्टा

शिळेपणाचा मुद्दा पटला नाही. ही नियतकालिकं ताज्या बातमीवर कधीच उभी नव्हती. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची निबंधमाला १८७४ची, मासिक, बातमीशी तिचा संबंध नाही. मूकनायक पाक्षिक होतं. नवभारत १९४७पासून मासिक आहे. पंधरा दिवस किंवा महिना उशीर हा यांच्या घडणीचाच भाग आहे.

उलट नातं बदलायचं खरं कारण वेगळं आहे. पूर्वी एकाच घरातला मतभेद छापला जायचा. १८८१मध्ये केसरी निघाला तेव्हा संपादक आगरकर होते, राजकीय आधी की सामाजिक आधी या वादात त्यांनी १८८७मध्ये केसरी सोडला आणि १८८८मध्ये सुधारक काढला. दोन्ही पत्रं घेणारा वाचक होता आणि त्याला वाद पूर्ण दिसायचा. आज एका अंकात सगळे एकाच बाजूचे असतात. पहिल्या परिच्छेदावरून शेवटचा ओळखता आला तर वाचक वेष्टन कशाला फोडेल?

कावळीण

पारकट्टा यांच्या शेवटच्या वाक्याला +१. वाचनखूण साठवली.

मुद्रितशोधक

दौतटाक, "कसं वाचता" याचं उत्तर देतो. अंक मागून पुढे वाचावा.

सगळ्यात आधी पत्रव्यवहार. पत्रांत नेमक्या अंकाची तारीख आणि लेखाचं नाव देऊन एखादी माहिती खोडली आहे का? त्याखाली संपादकाची किंवा लेखकाची टीप आहे का? असेल तर ते नियतकालिक जिवंत समजावं. पत्रं नुसती "अंक संग्राह्य झाला" या जातीची असतील तर संपादक वाद गाळतो आहे, किंवा वाद घालणारा वाचकच उरलेला नाही. दोन्ही वाईट.

मग पुस्तक परीक्षण. परीक्षण आणि पुस्तकाची जाहिरात एकाच अंकात असणं गुन्हा नाही, पण वर्षभराचे अंक घेऊन बसलं की कळतं, परीक्षणं किती प्रकाशकांची येतात आणि त्यातली किती त्याच संस्थेच्या प्रकाशनाची असतात.

मग अंकाच्या तळाशी किंवा दुसऱ्या पानावर असते ती मुद्रक-प्रकाशक-संपादकाची ओळ. मालक व्यक्ती आहे, कंपनी आहे की विश्वस्त संस्था? विश्वस्त संस्था असेल तर संपादक बदलला तरी धोरण टिकण्याची शक्यता जास्त, पण विश्वस्तांच्या विरोधात लेख येण्याची शक्यता कमी. व्यक्तीच्या मालकीचं पत्र उलट: त्या माणसाइतकंच धारदार आणि त्या माणसाइतक्याच आयुष्याचं. श्री. ग. माजगावकरांचा माणूस १९६१ ते १९८६, ग. वा. बेहेरे यांचा सोबत, ही या दुसऱ्या प्रकारची ठळक उदाहरणं.

जुने अंक असतील तर मार्चचा पहिला अंक वेगळा काढा. १८६७च्या जुन्या वृत्तपत्र-नोंदणी कायद्याखालच्या नियमांनुसार फेब्रुवारी संपल्यानंतरच्या पहिल्या अंकात "नमुना ४" छापावा लागायचा. त्यात प्रकाशनाचं ठिकाण, कालावधी, मुद्रक, प्रकाशक, संपादक यांची नावं-पत्ते आणि एकूण भांडवलाच्या एक टक्क्याहून जास्त वाटा असणाऱ्यांची नावं असतात. सलग दहा वर्षांचे मार्चचे अंक ओळीने लावले की मालकी कधी बदलली ते दिसतं, आणि मग त्याच सुमाराचे अग्रलेख काढून सूर बदलला का ते पाहता येतं. २०२३चा नवा कायदा १ मार्च २०२४पासून लागू झाला, त्यामुळे हे जुन्या अंकांपुरतं.

मुख्य लेख सगळ्यात शेवटी. तोवर तो कोणत्या घरात बसून लिहिला आहे हे कळलेलं असतं.

सांजवात

नमुना ४ची माहिती नवीन होती. ते पान जाहिरात समजून उलटलं जातं. पण पत्रव्यवहारावरून अंकाची पारख करणं आता अन्यायाचं होईल. वाचक पत्र लिहीत नाही, लेखाचा फोटो काढून गटात टाकतो आणि वाद तिथे होतो. संपादकापर्यंत पोचतच नाही.

मुद्रितशोधक

सांजवात ताई, बरोबर आहे, आणि नुकसान नेमकं तिथेच होतं. गटातला वाद चार दिवसांत वर सरकून जातो. छापलेलं पत्र लेखासोबत बांधलं जातं आणि पन्नास वर्षांनी दोन्ही एकत्र सापडतात.

उदाहरण देतो. साधनाचा १५ ऑगस्ट १९७२चा विशेषांक. अनिल अवचटांनी केलेला, राजा ढाले यांचा "काळा स्वातंत्र्यदिन" हा लेख असलेला. त्या लेखावर महाराष्ट्रभर वादळ उठलं. आज तो एकटा लेख वाचणाऱ्याला अर्धीच गोष्ट मिळते. त्यानंतरच्या काही आठवड्यांचे अंक, आणि त्याच काळातली इतर साप्ताहिकं सोबत ठेवून वाचलं तर कोण कशाने दुखावलं, कोण लेखाच्या भाषेवर बोलत होतं आणि कोण आशयावर, हे वेगवेगळं दिसतं. लेखाचा फोटो हे काम करू शकत नाही.

म्हणून सूचना: आवडलेल्या किंवा न पटलेल्या लेखावर गटात लिहायचं ते लिहा, पण तोच मजकूर दोनशे-अडीचशे शब्दांत बसवून अंकाची तारीख आणि पान क्रमांकासह संपादकाला मेल करा. युनिकोडमध्ये पाठवा, फोटो किंवा पीडीएफ नको. एका पत्रात एकच मुद्दा ठेवा. छापून येण्याची शक्यता यानेच वाढते.

जमाखर्च

सगळे मजकुरावर बोलत आहेत, जरा पैशांवर बोलू. नातं बिघडण्यात वर्गणीचा मोठा हात आहे, विशेषतः आजीव वर्गणीचा.

गणित करून बघा. समजा, वीस वर्षांपूर्वी आजीव वर्गणी २,००० रुपये घेतली. आज कागद, छपाई आणि टपाल धरून एका वर्गणीदारामागे वर्षाला ६०० रुपये खर्च येतो असं धरू. ते २,००० ठेवीत तसेच असतील आणि ७ टक्के व्याज मिळत असेल तर १४० रुपये येतात. उरलेले ४६० रुपये दरवर्षी दुसऱ्या कुठून तरी आणावे लागतात. असे हजार आजीव वर्गणीदार असतील तर वर्षाला ४ लाख ६० हजारांचा खड्डा. आणि हे ती ठेव शाबूत असेल तर. बहुतेक ठिकाणी ती रक्कम त्या त्या वर्षीच्या कागदात गेलेली असते.

दुसरा परिणाम अधिक वाईट. वार्षिक वर्गणीदार नाराज झाला तर नूतनीकरण करत नाही, संपादकाला वर्षात संदेश मिळतो. आजीव वर्गणीदार वाचणं थांबवतो तेव्हा काहीच कळत नाही. अंक जात राहतो, खप तेवढाच दिसतो आणि वाचक मात्र निघून गेलेला असतो.

मग खड्डा कोण भरतं? दिवाळी अंकाच्या जाहिराती. सहकारी बँका, साखर कारखाने, शिक्षणसंस्था, बांधकाम व्यावसायिक, सरकारी महामंडळं. सहकारावर, शिक्षणसम्राटांवर किंवा शहर नियोजनावर परखड लेख वर्षभरात किती आले, हे दिवाळी अंकाची जाहिरातसूची समोर ठेवून तपासा. काही संपादक जाहिरात घेऊनही लिहितात, त्यांची नावं तुम्हाला त्या तपासणीतूनच कळतील. त्यांना वर्गणी द्या.

तेव्हा दौतटाक, प्रश्न "वर्गणी कशासाठी" असा असेल तर माझं उत्तर: संपादकाला नकार देता यावा यासाठी. आणि वार्षिकच भरा. ज्यांची आजीव आहे त्यांनी दरवर्षी वार्षिक वर्गणीइतकी देणगी पाठवावी, सोबत दोन ओळी लिहून.

बिनतिकिटाचं पत्र

जमाखर्च यांच्या टपालखर्चात थोडी भर.

२०२४मध्ये रद्द झालेल्या १८९८च्या टपाल कायद्यातल्या कलम ९नुसार सवलतीच्या दराला "नोंदणीकृत वृत्तपत्र" कोण ठरायचं, तर ज्याचा मजकूर मुख्यतः राजकीय किंवा इतर बातम्या आणि चालू विषयांवरचे लेख असा आहे, ज्याचे दोन अंक एकतीस दिवसांपेक्षा जास्त अंतराने निघत नाहीत आणि ज्याची खरीखुरी वर्गणीदार यादी आहे. म्हणजे साप्ताहिक, पाक्षिक, मासिक बसायचं. त्रैमासिक बसत नसे. समाज प्रबोधन पत्रिकेसारख्या गंभीर त्रैमासिकाला टपाल महाग पडायचं, त्याचं कारण हे होतं. जोडअंक काढून दोन महिने ओढणाऱ्या मासिकालाही हा नियम आड यायचा.

शिवाय वजनाचे टप्पे. मधोमध पिना मारलेल्या अंकाची पानं चारच्या पटीत वाढतात. एक लेख लांबला, चार पानं वाढली आणि टप्पा ओलांडला तर हजारो प्रतींवर वाढीव दर लागतो. संपादक लेख कापतो तेव्हा दर वेळी त्यामागे विचारसरणी असते असं नाही.

अंक न मिळाल्यास काय करावं: आधीच्या अंकाच्या वेष्टनावर टपालात टाकायचा वार किंवा तारीख छापलेली असते, ती बघा. त्या तारखेपासून दहा-बारा दिवस थांबा. मग व्यवस्थापकाला (संपादकाला नव्हे) वर्गणीदार क्रमांक, पिनकोड आणि न मिळालेल्या अंकाची तारीख लिहा. "बरेच अंक आले नाहीत" असं लिहिलं तर काहीच होत नाही, कारण टपाल खात्याकडे तक्रार करायला व्यवस्थापकाला नेमकी तारीख लागते. एकाच इमारतीतल्या दोघांचे अंक गहाळ होत असतील तर एकत्र कळवा, मग बीट पोस्टमनपर्यंत माग काढता येतो. पत्ता बदलणार असाल तर महिनाभर आधी कळवा, कारण वेष्टनाची लेबलं आधीच छापून ठेवलेली असतात.

निळी_पाटी

धागा चांगला चालला आहे, पण आतापर्यंतची बहुतेक नावं एकाच परंपरेतली आहेत. राजकीय मतपत्रांचा इतिहास सांगायचा तर १८७७चा कृष्णराव भालेकरांचा दीनबंधु आधी घ्या. मूकनायक ३१ जानेवारी १९२०, बहिष्कृत भारत ३ एप्रिल १९२७, जनता १९३०, आणि त्याचंच १९५६मध्ये प्रबुद्ध भारत झालं. बहिष्कृत भारतचे स्तंभ भरायला माणसं नव्हती, पानंच्या पानं बाबासाहेबांनी एकट्याने लिहिली. आर्थिक ओढ कायमची.

या परंपरेतल्या वाचकाचं नातं टपालातून येणाऱ्या अंकाशी कमी आणि ठेल्याशी जास्त राहिलं आहे. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर, धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर पुस्तकांचे ठेले लागतात. तिथे अशी छोटी मासिकं, अनियतकालिकं, पुस्तिका मिळतात ज्यांचं नाव शहरातल्या वाचनालयाच्या यादीत कधी येत नाही. तिथे वाचक वर्षाचा साठा एकदम घेतो आणि वर्षभर वाचतो. दौतटाक ज्या शिळेपणाबद्दल बोलले तो या वाचकाला कधी जाणवलाच नाही.

अडचण जपणुकीची आहे. तीन-चार अंक काढून बंद पडलेली पत्रं ग्रंथालयात पोचली नाहीत. मूकनायक आणि बहिष्कृत भारत महाराष्ट्र शासनाने एकत्र छापले म्हणून आज सहज वाचता येतात. १९७२नंतरच्या दलित पँथर काळातली कितीतरी पत्रकं आणि अनियतकालिकं लोकांच्या पेट्यांत आहेत. या धाग्यावर ज्यांना जपणुकीचं तंत्र माहीत आहे त्यांनी लिहावं. त्याची गरज सगळ्यात जास्त इथे आहे.

दौतटाक

निळी पाटी, मन:पूर्वक आभार. सुरुवातीच्या मजकुरात हे यायला हवं होतं असं तुमचा प्रतिसाद वाचून वाटलं. जपणुकीबद्दल कोणी लिहील का?

खिळेजुळारी

लिहितो. थोडं लांबेल.

कागद. साप्ताहिकं न्यूजप्रिंटवर असतात. त्यात लाकडाच्या लगद्यातलं लिग्निन राहतं, म्हणून उजेडात पिवळा पडतो आणि पुढे आम्ल वाढून कडेपासून तुटतो. उपाय म्हणजे उजेड आणि दमटपणा टाळणं. प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधू नका, आत ओल धरते. अंक आडवे ठेवा, उभे ठेवले की मधून वाकतात.

पिना. गंजलेली पीन कागद खाते आणि पहिलं तुटतं ते मधलं पान. बोथट सुरीने पिनेचे पाय मागून उघडून ती काढा, ओढू नका. त्याच भोकांतून सुती दोरा ओवून गाठ मारा.

बांधणी. बाइंडरकडे देताना दोन गोष्टी बजावून सांगा: मुखपृष्ठं काढायची नाहीत आणि कडा कापायच्या नाहीत. वर्ष, अंक क्रमांक, तारीख ही माहिती अनेकदा फक्त मुखपृष्ठावर असते. ती फेकली की आतला लेख कुठल्या अंकातला ते कायमचं हरवतं. डिंक लावून पाठ चिकटवण्यापेक्षा शिवून घ्या. आतल्या बाजूचा समास कमी असेल तर बांधूच नका, सहा-सहा महिन्यांचे गठ्ठे खोक्यात ठेवा.

कसर. तिला अंधार, ओल आणि खळ लागते. डांबराच्या गोळ्यांवर भिस्त ठेवू नका. दर पावसाळ्यानंतर गठ्ठे उघडून पानं हलवणं हाच खात्रीचा उपाय.

स्कॅन. ३०० डीपीआय, बारीक टाइप असेल तर ४००. करड्या छटांत करा, निव्वळ काळ्या-पांढऱ्यात नको, कारण पिवळ्या पातळ कागदावर मागच्या पानाची शाई उमटते आणि अक्षरं बुजतात. पानामागे काळा कागद ठेवला की ते बरंच कमी होतं. फाइलला नाव देताना नियतकालिकाचं नाव, मग वर्ष, महिना, दिवस याच क्रमाने आकडे द्या, मग आपोआप ओळीत लागतात. मुखपृष्ठ, जाहिराती, कोरी पानं सगळं स्कॅन करा. जमाखर्च यांनी वर जाहिरातींवरून तपासणी सांगितली आहे, ती जाहिरातीच गाळल्या तर करणार कशी?

शोध. इथे बहुतेकांची गाडी अडते. युनिकोड रुळण्याआधीच्या अंकांच्या पीडीएफ जुन्या फॉन्टांत आहेत. पडद्यावर मराठी दिसतं, पण कॉपी केलं की भलतीच अक्षरं येतात, म्हणजे शोध चालत नाही. फॉन्ट परिवर्तक वापरला तर ऱ्हस्व वेलांटी आणि रफार हमखास चुकीच्या अक्षरावर बसतात. त्यापेक्षा पानाचं चित्र करून त्यावर ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर करून देणारी प्रणाली) चालवणं सोपं. टेसरॅक्ट या ओसीआर प्रणालीत मराठीची सोय आहे.

आणि १९६२च्या शुद्धलेखन नियमांपूर्वीच्या मजकुरात शोधताना "काही", "नाही" असं टाकू नका. तिथे "कांहीं", "नाहीं" आहे, "मुळें", "त्यांत" आहे. ओसीआर त्यातले निम्मे अनुस्वार पकडतं, निम्मे सोडतं. म्हणून अनुस्वार नसलेला आणि असलेला, दोन्ही रूपांनी शोध घ्या, किंवा विशेषनामानेच शोधा.

सांजवात

खिळेजुळारी दादा, प्रिंट काढून ठेवते आहे. एक शंका: स्कॅन केलेलं नेटवर टाकता येतं का?

खिळेजुळारी

स्वतःच्या अभ्यासासाठी ठेवायला हरकत नसते. जाहीर टाकायचं तर लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं मोजा. साने गुरुजी १९५०मध्ये गेले, त्यांचं लेखन २०११पासून मुक्त. बाबासाहेब १९५६, म्हणून २०१७पासून. पण एका अंकात दहा लेखक असतात आणि प्रत्येकाचा हिशेब वेगळा, त्यामुळे साठ-सत्तरच्या दशकातला अख्खा अंक टाकायचा तर नियतकालिकाची आणि लेखकांच्या वारसांची परवानगी लागते. संस्था चालू असेल तर त्यांनाच स्कॅन द्या. साधनासारख्यांनी जुने अंक स्वतः नेटवर आणले आहेत.

पारकट्टा

अवांतर, पण जुन्या अंकांचा विषय निघालाच आहे तर आणीबाणीतले अंक वाचताना एक काळजी घ्या. २६ जून १९७५पासून भारत संरक्षण व अंतर्गत सुरक्षा नियमांतल्या नियम ४८खाली पूर्वपरीक्षण होतं, म्हणजे मजकूर छापण्याआधी सेन्सॉरकडून मंजूर करून घ्यावा लागे. त्या काळातल्या अंकात अमुक विषयावर लेख नाही म्हणजे संपादक गप्प बसला, असा निष्कर्ष काढू नये. छापलेलं तेवढंच पुरावा म्हणून धरायचं आणि न छापलेल्याचा शोध न्यायालयाच्या कागदांत घ्यायचा. मिनू मसानींच्या फ्रीडम फर्स्ट या इंग्रजी नियतकालिकातले लेख सेन्सॉरने अडवले, ते मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि १९७६मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. सरकारच्या धोरणाशी मतभेद एवढ्या कारणाने मजकूर अडवता येत नाही, असा त्याचा गाभा. रोमेश आणि राज थापर यांच्या सेमिनार या इंग्रजी मासिकाने पूर्वपरीक्षण मान्य करण्याऐवजी प्रकाशन थांबवलं. ग्रंथालयात १९७६मध्ये त्याच्या अंकांची मालिका तुटलेली दिसली तर तो गहाळ गठ्ठा समजू नका.

तिसरी घंटा

मूळ प्रश्नाकडे येते. सगळे "एक आपल्या बाजूचं आणि एक विरोधी बाजूचं घ्या" असं सुचवतील म्हणून आधीच हरकत घेते. महाराष्ट्रात बाजू दोन नाहीत. समाजवादी (साधना), हिंदुत्ववादी (विवेक), मार्क्सवादी (मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचं जीवनमार्ग, सत्तरच्या दशकात मागोवा), आंबेडकरी, विवेकवादी (दि. य. देशपांडे यांनी १९९०मध्ये नागपुरात सुरू केलेला आजचा सुधारक), शेतकरी चळवळीचं शेतकरी संघटक, स्त्रीवादी बाजूने विद्या बाळ यांचं १९८९पासूनचं मिळून साऱ्याजणी. सगळी घ्यायला वेळ आणि पैसा कोणाकडे आहे?

त्याऐवजी नियतकालिक न धरता विषय धरा. उदाहरणार्थ मराठवाडा विद्यापीठाचं नामांतर. विधिमंडळाचा ठराव २७ जुलै १९७८चा, नामविस्तार १४ जानेवारी १९९४चा. ठरावानंतरचे तीन महिने आणि नामविस्ताराआधीचे तीन महिने, असे दोन तुकडे घ्या आणि चार प्रवाहांची पत्रं एकत्र वाचा. प्रत्येक लेखासाठी वहीत तीनच नोंदी: लेखक कोणती घटना निर्विवाद मानून चालतो, कोणाचं म्हणणं उद्धृत करतो, आणि कोणाचा उल्लेखच करत नाही. तिसरी नोंद सगळ्यात जास्त शिकवते. १९९१नंतरची शेतीमालाच्या भावाची चर्चा याच पद्धतीने वाचून बघा. ज्यांना आपण एका बाजूचे समजतो ते शेतीच्या प्रश्नावर समोरासमोर उभे दिसतात.

चालू विषयालाही हे लागू आहे. वर्षाच्या सुरुवातीला दोन विषय ठरवा आणि त्यावरचे लेख जिथून मिळतील तिथून गोळा करा. ग्रंथालयात बसून वाचा.

जमाखर्च

पद्धत उत्तम, पण सगळ्यांनी ग्रंथालयातच वाचलं तर तिसरी घंटा यांना पुढच्या वेळी तुलना करायला चार प्रवाह उरणार नाहीत. एक तरी वर्गणी स्वतःच्या खिशातून हवी.

तिसरी घंटा

मान्य. एक वर्गणी, दोन विषय.

मुद्रितशोधक

आणि वर्गणी कुणाची? ज्याच्याशी वारंवार मतभेद होतो पण ज्याच्या आकड्यांवर विश्वास ठेवता येतो, त्याची. मत पटतं पण आकडे तपासल्यावर टिकत नाहीत असं पत्र आधी सोडा.

दौतटाक

हे माझ्या मूळ प्रश्नाचं सगळ्यात नेमकं उत्तर आहे. माझा कल आतापर्यंत उलटा होता: मत पटणारी ठेवायची आणि बाकीची सोडायची. शेवटचा व्यावहारिक प्रश्न. एखाद्याला पंचवीस-तीस वर्षांचे सुटे अंक ग्रंथालयाला द्यायचे असतील तर कोण घेतं? बहुतेक ठिकाणी जागा नाही म्हणतात.

खिळेजुळारी

जागा नाही म्हणतात कारण खोकी घेऊन जाणाऱ्याकडे यादी नसते. आधी यादी करा: नियतकालिक, वर्ष, अंक क्रमांक, तारीख, मुखपृष्ठ आहे की नाही, पानं पूर्ण आहेत की नाही. जोडअंक असतील तर तशी नोंद करा, नाहीतर मधला अंक गहाळ वाटतो. मग ती यादी मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, पुणे नगर वाचन मंदिर, जवळचं विद्यापीठ ग्रंथालय आणि खुद्द नियतकालिकाचं कार्यालय अशा तीन-चार ठिकाणी पाठवा आणि एवढंच विचारा की यातले कोणते अंक तुमच्याकडे नाहीत. अख्खा संग्रह कोणी घेत नाही, पण तुटलेली मालिका जोडणारे अंक नाकारले जाण्याची शक्यता कमी. उरलेले विकायला काढण्याआधी निळी पाटी म्हणाले त्या प्रकारची अनियतकालिकं आणि पत्रकं वेगळी काढून ठेवा. ती गठ्ठ्यात मधेच घुसलेली असतात आणि रद्दीवाल्याकडे सगळ्यात आधी तीच जातात.

निळी_पाटी

अशी पत्रकं कोणाला सापडली तर यादी इथेच टाका. तारीख नसेल तर मुद्रणालयाचं नाव आणि पत्ता लिहा, त्यावरून काळ बराच जवळ आणता येतो.